गोष्टीत नसलेली म्हैस

माझ्या लिखाणाला कोणी नावं ठेवली की मला राग येतो, आणि राग आला की मी भांडी घासायला घेते. त्या वर्षी आमच्या घरातली भांडी इतकी लख्ख होती की सासूबाईंनी शेजारणींना बोलावून दाखवली. खरं कारण त्यांना माहीत नव्हतं. मी वाचकांचे अभिप्राय मागवले होते.

नेरहून स्कूटीनं पाऊण तासावर असलेल्या एका गावात मी हायस्कूलला मराठी शिकवते. दहावीच्या वर्गात निम्मी मुलं गावातल्या शेतकऱ्यांची आणि निम्मी नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावरची. धडा वाचायला उभं केलं की सगळ्यांना एकदम तहान लागते. त्या दिवाळीत माझ्या भाचीनं मला मोबाईलवर एक नवा प्रकार दाखवला. गोष्ट वाचायची, मध्येच ती थांबते आणि आपल्यालाच विचारते, आता हे करू की ते? आपण सांगू तिकडे ती वळते. मला वाटलं, यात काय मोठंसं, हे तर मीही लिहीन.

आणि लिहिली. जग संपलंय. मोठी माणसं एका सकाळी नाहीशी झाली आहेत. माळावरच्या एका शाळेत दहावीची अकरा मुलं-मुली उरली आहेत आणि आता सगळं त्यांचं त्यांनाच ठरवायचं आहे. दर शनिवारी एक भाग वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायचा, शेवटी दोन पर्याय द्यायचे, अ आणि ब. मतं गुरुवारपर्यंत. ज्याला जास्त, तिकडे पुढचा भाग. खाली मी मोठ्या हौसेनं लिहिलं, 'आपला अभिप्राय अवश्य कळवा.' एवढी एक ओळ लिहिली नसती तर ते वर्ष सुखात गेलं असतं.

कारण त्या गटात मुलांचे नंबर नव्हतेच. मुलांकडे मोबाईल कुठून असणार? नंबर सगळे बापांचे होते.

पहिला भाग लिहिताना माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला होता. वीज गेलेली. मोबाईलला रेंज नाही. रस्त्यावर एकही एसटी नाही. नळ कोरडा. शाळेत एकही मास्तर नाही. सगळीकडे भयाण शांतता. पहिला अभिप्राय आला तो वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचा. सोयाबीन-कपाशीची शेती, मोठे वाचनप्रेमी, किराण्याच्या पुडीचा कागदही वाचून टाकणारे.

"गोष्ट चांगली हाये मॅडम. पण जग कवा बुडते?"

मी लिहिलं, "बुडालंय ना. पहिल्याच भागात."

"कुठी?"

"वीज गेली, रेंज गेली, बस बंद झाली. शाळेत कोणी आलं नाही."

थोड्या वेळानं उत्तर आलं, "थे तं आमच्याकडं मंगळवारपासून तसंच हाये. हे धाडाले टाकीवर चढलो."

त्या दिवशी मी कढईचं बूडसुद्धा सोडलं नाही. दुसरा भाग झाला तरी लोक जग बुडायची वाट पाहत होते. शेवटी तिसऱ्या भागात मी नाइलाजानं आभाळ जांभळं केलं आणि सूर्य दोन दिवस उगवू दिला नाही, तेव्हा कुठे खात्री पटली.

मग भूक आली. माझी अकरा मुलं उपासमारीनं व्याकुळ झाली, एका मुलीला भोवळ आली. अ, उरलेला बिस्किटाचा पुडा तिला एकटीला द्यावा. ब, सगळ्यांनी वाटून घ्यावा. मला वाटलं होतं, घराघरात माणुसकीवर चर्चा होईल. सोयाबीनवाल्या वडिलांनी विचारलं, "महिना कोणचा हाये?"

मी बेसावधपणे लिहून बसले, "डिसेंबर."

"मंग शाळेमागं तूर उभी हाये. शेंगा भरल्या. बाजूले बोरं हायेत. अन् पोट्टे उपाशी? कोण्या शहरातले हायेत हे?"

त्यावर गटावर अठ्ठावीस अंगठे पडले. अ आणि ब मिळून मतं पडली तीन. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तर मला व्हरांड्यातच गाठलं. "माह्या खोलीचं कुलूप फोडलं म्हंते तुमच्या पोट्ट्याईनं. काहून? चावी खिडकीतच असते. साऱ्या गावाले माहीत हाये." मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावून दार लोटून घेतलं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की जग बुडालं तरी मुख्याध्यापक असा काहीही न कळवता नाहीसा होणार नाही. निदान वरती अहवाल तरी पाठवेल. आणि दुसरं, ती अकरा मुलं आहेत, तर हजेरी कोण घेतंय?

पाचव्या भागात मी एका मुलाला हजेरी घ्यायला लावली.

हे सगळं गावाकडचं. तांड्यावरून मात्र ना अ यायचा ना ब. गुरुवार उलटून जायचा, मी पुढचा भाग लिहायला घ्यायची, आणि शुक्रवारी दुपारी तांड्याच्या नायकाचा आवाजी निरोप यायचा. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, सत्तरीचा माणूस. त्याची दोन नातवंडं माझ्या वर्गात होती. पहिला निरोप मला तोंडपाठ आहे.

"मॅडम, राम राम. आमी बसलो व्हतो गोष्टीवर. त्या पोट्ट्यानं पान्याची कॅन लपवली, त्याले शाळेतून हाकला का माफ करा, असं तुमी इचारलं. पण मॅडम, त्या पोट्ट्याचं म्हणनं कुठी हाये? दोनी बाजू ऐकल्याबिगर तांडा निर्णय देत नसते. थे पाठवा. मंग बसतो."

तांड्यावर मत देत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तिथे बसतात. या बैठकीला त्यांच्यात नसाब म्हणतात. वादी, प्रतिवादी, जाणती माणसं सगळी बसतात आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत उठत नाहीत. माझ्या कल्पनेतल्या चोरट्यासाठी खरीखुरी कामाची माणसं अर्धा दिवस लिंबाखाली बसली होती, आणि आता त्यांना आरोपीचा जबाब हवा होता. मी चिडून चिडून त्या मुलाची बाजू लिहिली. त्यानं पाणी लपवलं ते सगळ्यात लहान मुलीसाठी, तिला रात्री ताप यायचा म्हणून. लिहिताना माझ्या लक्षात आलं की आधी हे मलाच माहीत नव्हतं. मग तांड्याचा निकाल आला. हाकलायचं नाही, माफही करायचं नाही. त्यानं महिनाभर सगळ्यांचं पाणी भरावं आणि सगळ्यांना गूळ वाटावा.

"गूळ कुठून आणू?" मी विचारलं. "जग बुडालंय."

"थे तुमी पाहा. लिवता तुमी."

तांड्यावर ही गोष्ट वाचून दाखवायचं काम माझ्या वर्गातली एक मुलगी करायची. पहिल्या बाकावर कडेला बसायची. बोलायची कमी, पण वाचायला उभी केली की तिला तहान लागत नसे. रविवारी सकाळी देवळापुढच्या लिंबाखाली तांडा जमायचा आणि ही बापाचा मोबाईल हातात धरून माझं पुस्तकी मराठी तिथल्या तिथे त्यांच्या गोर बोलीत करून सांगायची, म्हाताऱ्या बायांना कळावं म्हणून. हे ऐकून मला अभिमान वाटला. माझ्या लिखाणाचा अनुवाद होतोय, असं मी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

फक्त एक गोष्ट मला समजेना. चौथ्या भागानंतर नायकानं निरोपाच्या शेवटी विचारलं, "अन् म्हशीचं काय केलं?"

मी निरोप दोनदा ऐकला. माझ्या गोष्टीत म्हैस नव्हती. मी तसं कळवलं. नायक हसून म्हणाला, "बरं बरं. आताच नका सांगू. पुढं येईनच." मी काही राखून ठेवतेय असं त्याला वाटलं. सहाव्या भागानंतर नवीनच. एका म्हातारीचं म्हणणं होतं की फाटकाजवळचा माणूस थंडीचा बाहेर झोपतो, त्याला घोंगडी द्या. कोण माणूस? मोठी माणसं तर मी पहिल्या ओळीतच नाहीशी केली होती! मी ठरवलं की ही मंडळी टीव्हीवरच्या कुठल्या तरी मालिकेत माझी गोष्ट मिसळत असणार. पुन्हा भांडी घासली.

जानेवारीत आठवा भाग टाकून मी थांबले, कारण दहावीची परीक्षा जवळ आली. मे महिन्यात निकाल लागला. ती वाचणारी मुलगी शाळेत पहिली आली. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा मी पेढा पुढे केला, तर तिनं तो हातातच धरून ठेवला.

"खा ना."

"मॅडम, बा म्हंते आता बस झालं. शिलाई मशीन आणून देतो म्हंते."

तिला सायन्स घ्यायचं होतं. नेरला रोज जावं तर पावसाळ्यात नाला चार-चार दिवस वाट सोडत नाही. म्हणजे यवतमाळ, म्हणजे मुलींचं वसतिगृह. तांड्यावरची एकही मुलगी तोवर घर सोडून शिकायला राहिली नव्हती. अर्जाची मुदत पंधरा दिवसांची होती. मी तिला म्हटलं, मी तुझ्या वडिलांशी बोलते. ती घाबरली. "नका मॅडम. तुम्ही बोललात तर ते हो म्हणतील तुमच्यासमोर, आणि मग घरी कोणाशीच बोलणार नाहीत."

तेव्हा मला माझी अक्कल सुचली. मी नववा भाग लिहिला. डोंगरापलीकडून घंटेचा आवाज येतो. तिकडे एक मोठी शाळा अजून चालू आहे. अकरांमधल्या सगळ्यात हुशार मुलीला तिकडे जायचंय. अ, तिनं जावं. ब, तिनं इथेच राहावं. इतक्या बेमालूमपणे लिहिलं होतं की ब्रह्मदेवालाही संशय आला नसता. शनिवारी टाकलं. सोमवारीच नायकाचा निरोप आला.

"मॅडम, हे प्रकरण मोबाईलवर निपटत नाही. रविवारी तुमी या. त्या पोरीची बाजू तुमालेच मांडा लागन."

रविवारी सकाळी आठला मी लिंबाखाली सतरंजीवर बसले होते. समोर नायक आणि जाणती माणसं, मागे बाया, त्यांच्यात ती मुलगी, मान खाली घालून. तिचे वडील एका टोकाला, चपला हातात घेऊन, कधीही उठून जाता येईल असे. सगळे गोष्टीतल्या मुलीबद्दल बोलत होते. मीही गोष्टीतल्या मुलीबद्दलच बोलत होते.

"थ्या शाळेत पोरीले खायाले काय देते?"

"पोळी, भाजी, वरण, भात. रविवारी गोड."

"अन् तिची याडी आजारी पडली तं?" मागून एका बाईनं विचारलं. याडी म्हणजे आई.

"निरोप आला की त्याच दिवशी येईल ती."

"येईन कशी? मधात जंगल हाये म्हणून तुमीच लिवलं."

"अहो, फाट्यावरून साडेनऊची बस आहे ना!"

सगळा तांडा एकदम हसला. नायकाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मॅडम, जग बुडालं, तं बस कोन चालवून राह्यला?"

माझे कान तापले. नायक डोळे पुसत म्हणाला, "पोरगी आमची हाये, थे आमाले पयल्याच ओळीत समजलं व्हतं. पण तुमी इतकं झाकून आणलं, म्हणून मंग आमी बी झाकूनच बोललो." आणि तो टोकाच्या माणसाकडे वळला. "तुयं काय म्हणनं हाये? बोल आता."

मुलीचे वडील बोलले ते माझ्याकडे पाहून, आणि रागानं. "मले एकच इचाराचं हाये. बाप कुठी गेला?"

"कोणाचा बाप?"

"पोरीचा. सारी मोठी माणसं गेली, पण थो नाही गेला. आठ भाग फाटकाजवळ म्हैस घेऊन बसला व्हता. रोज सकाळी पोट्ट्याईले दूध द्याचा. आत नाही याचा, पोट्ट्याईचं राज्य हाये म्हणून. अन् आता पोरगी इतक्या दूर चालली, तं त्याचं नावच नाही. मारला का त्याले?"

म्हैस. फाटकाजवळचा माणूस. घोंगडी. मी वळून त्या मुलीकडे पाहिलं. ती उभी राहिली, वर्गात राहते तशी.

"मॅडमच्या गोष्टीत बाप नाहीच," ती म्हणाली. "मी टाकला."

"काहून?" नायकानं विचारलं.

"पयल्या दिवशी वाचाले बसली, तं सारे मोठे माणसं गेले असं लिवलं व्हतं. अन् बा समोरच बसला व्हता. त्याच्यासमोर कसं वाचू, बाप गेला म्हणून? मंग एक राहू देला. तिथं बसून काय करन म्हणून मंग म्हैस देली."

मी शपथेवर सांगते, पहिल्यांदा मला हेवा वाटला. आठ भाग मी घाम गाळून लिहिले आणि तांडा जीव लावून बसला होता तो हिच्या म्हशीवर. हेवा ओसरल्यावर डोळे भरून आले. पण आधी हेवाच.

"मंग नवव्यात कुठी गेला थो?" वडिलांनी विचारलं. आता ते माझ्याशी बोलत नव्हते.

"नवव्यात जसं लिवलं तसंच वाचलं," ती म्हणाली. "पोरगी जातो म्हंते, तं बाप काय म्हणन, थे मले कुठी माहीत?"

एका कोंबडीनं सतरंजीवर येऊन सगळ्यांची तपासणी केली आणि ती निघून गेली. वडिलांनी हातातल्या चपला खाली ठेवल्या. एक सरळ केली, मग दुसरी. नायकानं घाई केली नाही. तांड्यात कोणी कोणाला घाई करत नाही, आणि मी मात्र मनातल्या मनात अर्जाची मुदत मोजत होते, पाच दिवस, पाच दिवस.

"थो म्हणन," वडील म्हणाले. "थो म्हणन, पेटी मी घेतो."

बस, एवढंच. मागे बायांमध्ये कोणीतरी हुंदका दिला, आणि ती मुलगी मात्र तशीच उभी राहिली, 'बस खाली' असं कोणी म्हणायची वाट पाहत. शेवटी मीच म्हटलं.

मग नायकानं दंड ठोठावला. मला, कारण मी घरचा प्रश्न गोष्टीत झाकून आणला. मुलीला, कारण तिनं दुसऱ्याच्या मजकुरात माणूस आणि जनावर घुसवलं. दोघींनी मिळून गूळ वाटायचा. मी स्कूटीवरून गावात जाऊन दोन भेल्या आणल्या. तांड्यात मुलीच्या नावानं गूळ वाटतात तो सोयरीक ठरली की, त्यामुळे उशिरा आलेल्या एका म्हातारीनं तोंडात खडा टाकत विचारलं, "छोरी कोणाले देली?"

"यवतमाळले," नायक म्हणाला.

जूनच्या शेवटी मुलगी गेली. मी फाट्यावर निरोप द्यायला जाणार होते, पण त्या दिवशी शाळेत कुठलीशी तपासणी होती. म्हणून मी रात्री घरी बसून दहावा भाग लिहिला. यात फाटकाजवळचा बाप होता. तो मुलीची पेटी उचलतो, डोंगरापर्यंत सोबत जातो, आणि मोठ्या शाळेच्या दारात ढसाढसा रडतो. लिहिताना मीही रडले. हे माझं सगळ्यात चांगलं पान आहे असं वाटलं. शनिवारी गटावर टाकलं आणि मुलीलाही वसतिगृहाच्या मावशींच्या नंबरवर पाठवलं.

गावाकडून नेहमीसारखंच. सोयाबीनवाल्या वडिलांनी विचारलं, पेरणीच्या दिवसांत हा माणूस डोंगर चढत बसला, तर वावर कोणी पेरलं? मुख्याध्यापकांना जाणून घ्यायचं होतं की शाळा सोडल्याचा दाखला मुलीला कोणी दिला. तांडा अजून बसायचा होता.

आणि रविवारी दुपारी मुलीचा अभिप्राय आला. वर्षभरातला तिचा पहिलाच.

'मॅडम, तुम्ही नव्हता म्हणून सांगते. बा रडला नाही. कंडक्टर म्हणाला, पेटी डिक्कीत ठेवा. त्याने ठेवली नाही. यवतमाळपर्यंत मांडीवर उभी धरून बसला. मी शेजारीच होते, पण पेटीमुळे मला त्याचं तोंड दिसत नव्हतं. उतरलो तेव्हा पेटीवर खडूने लिहिलेलं माझं नाव ओलं होऊन पुसलं होतं. त्या दिवशी पाऊस नव्हता. पण रडला असं लिहू नका. आणि म्हैस लिहायची राहिली.'

राग यायला हवा होता. मी मोबाईल घेऊन ओट्याशी बसले. 'रडला' खोडलं, पेटी मांडीवर उभी ठेवली, म्हैस फाटकाशी बांधली आणि तिला चारा टाकायला नायकाला बसवलं. दुपारची भांडी संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती.